थायलंडमध्ये राहून काम करताना : गाव आणि शहर यांच्या दिनक्रमात कसे सामील व्हावे

आठवडाभराच्या सहलीसाठी थायलंडला जाणाऱ्या माणसाचे हॉटेल, बस आणि मार्गदर्शक यांच्या आधारावर सहज निभते. परंतु कारखान्यातील नेमणूक, विद्यापीठातील अभ्यासक्रम किंवा खेड्यातील संशोधन अशा कारणाने जो तेथे सहा महिने, वर्षभर राहणार आहे, त्याला तेथील लोकांच्या दिवसात स्वतःची जागा करून घ्यावी लागते. हे मार्गदर्शन अशा माणसासाठी आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती म्हणजे थाई शहर आणि थाई खेडे यांची घरे एकमेकांत गुंतलेली आहेत. बँकॉकमध्ये टॅक्सी चालवणारा, इमारतीच्या दाराशी पहारा देणारा किंवा पदपथावर कच्च्या पपईचे सोमतम कुटणारी बाई यांच्यापैकी बरेच जण ईशान्येकडील इसान प्रदेशातून आलेले असतात. त्यांची मुले गावी आजी-आजोबांकडे वाढतात, पगारातला काही भाग दर महिन्याला गावी जातो आणि घराच्या सरकारी नोंदवहीतले नाव वर्षानुवर्षे गावच्या पत्त्यावरच राहते. म्हणून ज्याची नेमणूक केवळ शहरात आहे त्यानेही गावाचा दिनक्रम समजून घ्यावा. सहकारी अमुक दिवसांत रजा का मागतो आणि तमुक दिवसांत त्याचे लक्ष कामात का नसते, याचा उलगडा बहुतेक वेळा तिकडेच होतो.

कागदपत्रे, वर्षे आणि तास

काम करण्यासाठी जाणाऱ्याने नोकरीसाठीचा बिगर-स्थलांतरित ‘बी’ व्हिसा आणि कामाचा परवाना या दोन्ही गोष्टी मिळेपर्यंत कोणतेही काम सुरू करू नये. परकीय कामगारांसंबंधीचा 2017 चा कायदा याबाबत कडक आहे. मार्गदर्शकाचे काम, केस कापणे, थाई मालिश, फिरती विक्री असे अनेक व्यवसाय थाई नागरिकांसाठी राखून ठेवलेले आहेत. गावातल्या शाळेत हौसेने शिकवावे किंवा मित्राच्या दुकानात हातभार लावावा असे मनात आले, तरी आधी यजमान संस्थेला विचारावे, कारण मोबदला घेतला नाही एवढ्यावरून कायद्यातून सुटका होईलच असे नाही. परदेशी पाहुणा उतरल्याची सूचना घरमालकाने 24 तासांच्या आत इमिग्रेशन कार्यालयाला द्यायची असते आणि सलग 90 दिवसांपेक्षा अधिक राहणाऱ्याने दर 90 दिवसांनी आपला पत्ता कळवायचा असतो. घर भाड्याने घेताना मालकाला ही सूचना द्यायची आहे हे माहीत आहे ना, याची त्याच वेळी खातरजमा करावी. अन्यथा पुढच्या प्रत्येक कार्यालयीन कामात ती राहून गेलेली नोंद आडवी येते.

थायलंडमध्ये सरकारी कागदांवर बौद्ध संवत चालतो आणि तो इसवी सनाच्या 543 वर्षे पुढे असतो. त्यामुळे इसवी सन 2026 हे तेथे 2569 होते. भाडेकरार, वाहन परवाना, बँकेचे पत्र, इतकेच काय पण काही वेष्टनांवरील मुदतीच्या तारखाही या संवतात असतात आणि पुष्कळदा वर्षाचे शेवटचे दोनच अंक छापलेले असतात. सही करण्यापूर्वी करारावरील वर्षातून 543 वजा करून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

वेळ सांगण्याची पद्धत याहून अधिक घोटाळ्याची आहे, कारण बोलीभाषेत दिवसाचे सहा-सहा तासांचे भाग पाडलेले असतात आणि संध्याकाळी सातला पुन्हा ‘एक’पासून मोजणी सुरू होते. रात्रीचे आठ म्हणजे ‘सोंग थुम’, दुपारचे दोन म्हणजे ‘बाय सोंग’ आणि मध्यरात्रीनंतरचे दोन म्हणजे ‘ती सोंग’. ‘सोंग’ म्हणजे दोन. नवख्या कानाला तेवढाच शब्द ओळखीचा लागतो आणि भेटीची वेळ सहा तासांनी चुकते. भेट ठरवल्यावर वेळ 24 तासांच्या पद्धतीने, 14.00 किंवा 20.00 अशी, लिहून संदेश पाठवावा. थाई लोकही लेखी व्यवहारात हीच पद्धत वापरतात, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगे वाटत नाही.

नाव, वय आणि नमस्कार

थायलंडमध्ये आडनाव सक्तीचे झाले ते 1913 च्या कायद्याने, आणि आजही रोजच्या व्यवहारात ते जवळजवळ वापरलेच जात नाही. औपचारिक संबोधन पहिल्या नावाआधी ‘खुन’ लावून केले जाते, मग समोरचा माणूस कंपनीचा संचालक का असेना. याखेरीज प्रत्येकाला एक छोटे घरगुती नाव असते. कार्यालयातही सर्रास त्याच नावाने हाक मारतात. एकाच खोलीत वर्षभर काम केलेल्या सहकाऱ्याचे अधिकृत नाव माहीत नसणे तेथे मुळीच विचित्र नाही. मात्र पत्र, पार्सल किंवा सरकारी अर्ज यांच्यासाठी अधिकृत नाव लागते, म्हणून ओळख होताच दोन्ही नावे विचारून टिपून ठेवावीत.

वय विचारणे हा आगाऊपणा समजला जात नाही. वय कळल्याशिवाय कोणाला काय म्हणून हाक मारायची हेच ठरत नाही. आपल्याहून थोडा मोठा तो ‘फी’, थोडा लहान तो ‘नोंग’. आईवडिलांच्या वयाचा पुरुष ‘लुंग’, बाई ‘पा’. गावातल्या म्हातारीला प्रेमाने ‘याय’. खानावळीत, दुकानात, बसमध्ये हीच संबोधने चालतात. मराठी माणसाला दादा, ताई, काका, मावशी म्हणण्याची सवय असल्यामुळे ही रीत इतर अनेक परदेशी लोकांपेक्षा लवकर जमते, आणि ती जमली की निम्मे काम झाले असे माझे ठाम मत आहे. वाक्याच्या शेवटी पुरुषाने ‘ख्रप’ आणि बाईने ‘खा’ म्हणावे. हे अक्षर बोलणाऱ्यावरून ठरते, ऐकणाऱ्यावरून नव्हे.

हात जोडून करायच्या नमस्काराला ‘वाय’ म्हणतात. धाकट्याने तो आधी करावा, थोरल्याने उत्तर द्यावे. समोरच्याचा मान जितका मोठा, तितके जोडलेले हात वर आणि मान खाली. भिक्षूंना सर्वांत वर. दुकानातल्या गल्लेवाल्या मुलीने किंवा लहान मुलाने वाय केल्यास हसून किंचित मान लववणे पुरेसे असते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आपणहून हात जोडत सुटल्यास समोरच्यालाच अवघडल्यासारखे होते. बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या समोरून जाताना थोडे वाकून जावे, कोणाच्याही डोक्याला हात लावू नये आणि जमिनीवर बसताना तळपाय कोणाकडे, विशेषतः बुद्धमूर्तीकडे किंवा भिक्षूंकडे, करू नयेत.

खेड्यातला दिवस

इसानमधल्या गावात मुक्काम करायचा असेल तर पहाटे उठण्याची तयारी ठेवावी. घरातली बाई उठते ती रात्रभर पाण्यात भिजवलेला चिकट तांदूळ उपसण्यासाठी. हा तांदूळ बांबूच्या शंकूसारख्या टोपलीत भरून, उकळत्या पाण्याच्या उभट भांड्यावर ती टोपली बसवून वाफेवर शिजवतात. मध्येच टोपली झटकून भाताचा गोळा उलटा करतात, म्हणजे वरचा भात खाली जाऊन सगळीकडे सारखी वाफ लागते. शिजल्यावर तो लाकडी ताटात ओतून पळीने पसरतात, जादा वाफ निघून जाऊ देतात आणि मग झाकणाच्या विणलेल्या डब्यात, ज्याला ‘क्रातिप’ म्हणतात, भरतात. हाच डबा घेऊन माणसे शेतावर जातात. जेवताना त्यातून उजव्या हाताने लहानसा गोळा काढावा, बोटांनी दाबून घट्ट करावा आणि चटणीत किंवा कालवणात टेकवून खावा. जेवण झाल्यावर क्रातिपचे झाकण आठवणीने लावावे, कारण ते उघडे टाकणे अशुभ मानतात. चिकट तांदूळ हाताने खातात, तर मध्य थायलंडचा सुटा भात चमचा आणि काटा घेऊन. तेथे तोंडात जातो तो चमचा, काट्याने फक्त घास चमच्यावर लोटायचा असतो.

उजाडता उजाडता भिक्षू भिक्षेसाठी निघतात. अन्न वाढायचे असेल तर यजमानांना आदल्या रात्री सांगून ठेवावे. चपला काढाव्यात, गुडघ्यांवर बसावे किंवा खाली वाकावे, बोलू नये आणि इसानमध्ये चिकट भाताची चिमूट प्रत्येकाच्या पात्रात अलगद टाकावी. कालवणे बहुधा नंतर विहारात नेऊन देतात. स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श होऊ देऊ नये आणि वस्तू थेट त्यांच्या हातात देऊ नये. भिक्षू माध्यान्हानंतर घन आहार घेत नाहीत, तेव्हा विहारात अन्न न्यायचे ते सकाळीच न्यावे. पावसाळ्यात तीन महिने वर्षावास, म्हणजे भिक्षूंनी एकाच विहारात राहण्याचा काळ, असतो. त्या काळात पुष्कळ तरुण काही आठवडे चीवर (भिक्षूचे वस्त्र) धारण करून भिक्षू होतात, आणि नोकरदार मंडळीही त्यासाठी कामावरून रजा घेतात.

सकाळीच गावातल्या खांबावरचे ध्वनिक्षेपक सुरू होतात. गावचा प्रमुख, ‘फू याय बान’, त्यावरून बैठक, लसीकरण, पाणी बंद राहण्याची वेळ, कोणाच्या घरी निधन झाले, हे सगळे सांगतो. थाई येत नसेल तर शेजाऱ्याला रोज विचारावे. गावातली निम्मी माहिती याच मार्गाने येते. गावात पोहोचल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत फू याय बानच्या घरी जाऊन भेट घ्यावी, फळे किंवा बिस्किटांचा डबा न्यावा आणि आपण कशासाठी आलो आहोत हे साध्या शब्दांत सांगावे. संशोधनासाठी आलेल्याने तर ही भेट झाल्याशिवाय एकही प्रश्नावली बाहेर काढू नये. गावांच्या समूहाला ‘तांबोन’ म्हणतात, त्याच्या प्रमुखाला ‘कामनान’, आणि तांबोनची निवडून दिलेली प्रशासकीय संस्था रस्ते, कचरा, पाळणाघर अशी कामे पाहते. आरोग्यासाठी आरोग्य स्वयंसेवकाची ओळख करून घेणे शहाणपणाचे आहे. थायलंडभर असे 10 लाखांहून अधिक गावपातळीवरचे स्वयंसेवक आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेक जण गावातल्याच प्रौढ बायका असतात. कोणत्या घरात मधुमेही आहे, कोणाची आजी अंथरुणाला खिळली आहे, डासांच्या अळ्या कोणत्या रांजणात झाल्या आहेत, हे त्यांना तोंडपाठ असते.

शेतीच्या कामाचे गणित पावसावर बसते. पावसाळ्याच्या तोंडी, मे-जूनपासून, नांगरणी आणि पेरणी होते आणि मुख्य हंगामाची कापणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चालते. जेथे कालवे आहेत तेथे कोरड्या दिवसांत दुसरे पीक निघते. रोई एत, सुरिन, सिसाकेत, यासोथोन आणि महासारखाम या पाच प्रांतांत पसरलेले थुंग कुला रोंगहाय हे मैदान सुवासिक होम माली तांदळासाठी नावाजलेले आहे. गंमत अशी की तिथले पुष्कळ शेतकरी हा सुवासिक तांदूळ विकण्यासाठी पिकवतात आणि घरी खायला चिकट तांदूळ वेगळा लावतात. जमीन ‘राय’ या मापाने मोजतात. एक राय म्हणजे 1600 चौरस मीटर, अर्थात सुमारे 16 गुंठे. अडीच राय म्हणजे जवळपास एक एकर. पूर्वी कापणीला गाव आळीपाळीने एकमेकांच्या शेतावर उतरत असे आणि यजमान सर्वांना जेवू घालत असे. आता बहुतेक ठिकाणी कापणीयंत्र रायच्या हिशेबाने भाड्याने येते, कारण तरुण हात शहरात गेले आहेत. यजमानांच्या शेतावर जायचे असेल तर लांब बाह्यांचा सदरा, टोपी आणि घोट्यापर्यंतचे बूट घालावेत, आणि दिलेले हलके काम मुकाट्याने करावे. अर्थात पाहुणा म्हणून अर्धा दिवस हात लावणे वेगळे आणि नियमित शेतमजुरी वेगळी. दुसरीचा परवान्याशी संबंध येतो.

दक्षिणेकडच्या रबराच्या पट्ट्यात दिवस उलटा असतो. झाडाला चीर देण्याचे काम मध्यरात्रीनंतर डोक्याला दिवा बांधून करतात, कारण गारव्यात चीक अधिक वाहतो. सकाळी तो गोळा केला की माणसे झोपतात. पाऊस पडला की काम बंद, म्हणजे त्या दिवसाची कमाईही बंद. जो चीर देतो तो पुष्कळदा बागेचा मालक नसतो आणि उत्पन्नाची वाटणी ठरलेल्या प्रमाणात होते. अशा गावात कोणाच्या घरी जायचे असेल तर दुपार टळल्यावर जावे.

गावातल्या म्हाताऱ्यांच्या हाती दरमहा सरकारी वृद्धापकाळ भत्ता येतो. तो वयानुसार 600 ते 1000 बाट इतका तुटपुंजा असतो. घर खरोखर चालते ते शहरातून येणाऱ्या पैशांवर. म्हणून यजमानांवर आपल्या जेवणाखाण्याचा भार टाकू नये. पैसे हातात देऊ केल्यास ते संकोचाने नाकारतात. तांदळाचे पोते, तेल, फळे, नातवंडांसाठी वह्या असे सामान आणावे, किंवा निघताना बंद पाकिटात रक्कम घालून ती घरातल्या वडील बाईकडे द्यावी.

गावात कोणाचे निधन झाले तर जायलाच हवे, ओळख कितीही थोडी असली तरी. काही रात्री सलग मंत्रपठण होते, शेजारणी स्वयंपाकाला जमतात आणि पुरुष मांडव घालतात. काळे किंवा पांढरे कपडे घालावेत, पाकिटावर आपले नाव लिहून त्यात थोडी रक्कम घालावी आणि घरच्या माणसाच्या हाती द्यावी. परका माणूस गावाचा होतो तो लग्नाच्या मेजवानीपेक्षा अशा रात्री भांडी घासायला बसल्याने, हे मी पूर्ण विश्वासाने सांगतो.

शाकाहारी माणसाने काय करावे

या विषयाला स्वतंत्र जागा हवी, कारण थाई लोक बौद्ध आहेत म्हणजे तेथे शाकाहार सोपा असेल असा समज मराठी मंडळींत सर्रास आढळतो. थाई भिक्षूही पात्रात पडेल ते, मांसासह, खातात. माशाचे पाणी, कोळंबीची चटणी आणि कालवांचा रस हे रोजच्या स्वयंपाकात मिठासारखे वापरतात. इसानमध्ये त्यात आंबवलेल्या माशाची भर पडते. ‘मांस नको’ एवढेच सांगितल्यास भाजीतून मांसाचे तुकडे काढले जातात, पण माशाचे पाणी तसेच राहते. उपाय म्हणजे ‘किन जे’ असे सांगणे. ‘जे’ हे चिनी परंपरेतून आलेले व्रत आहे. त्यात मांस, मासे, अंडी, दूध यांबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो, आणि व्रत म्हणून त्याचा मान राखला जातो. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असलेली दुकाने या अन्नाची असतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येणाऱ्या शाकाहाराच्या नऊ दिवसांत ती जागोजागी लागतात. अंडी आणि दूध चालत असेल तर ‘मांगसाविरत’ म्हणावे. खेड्यात मात्र दोन्हींपैकी काहीही तयार मिळणे अवघड असते. तेथे यजमानिणीला पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगावे, तिच्याबरोबर बाजारात जावे आणि स्वतःची भाजी स्वतः करण्याची परवानगी मागावी. ताटात वाढल्यावर नकार देणे तिला लागते. आधी सांगितलेले लागत नाही.

शहरातला दिवस

बँकॉकमध्ये हाताने काम करणारा माणूस ‘सोय’मध्ये, म्हणजे मोठ्या रस्त्याच्या फाट्यावरच्या गल्लीत, एका खोलीत राहतो. अशा खोलीत बहुधा स्वयंपाकघर नसते, आणि शहर एवढे बाहेरचे अन्न का खाते याचे मोठे कारण येथे आहे. खोली घेताना एक महिन्याचे आगाऊ भाडे आणि सामान्यतः दोन महिन्यांची अनामत मागतात. भाड्यापेक्षा बारकाईने पाहावी ती विजेच्या युनिटची आणि पाण्याची आकारणी, कारण काही मालक सरकारी दरापेक्षा चढा दर लावतात आणि वातानुकूलन यंत्र चालवणाऱ्याला तो महिन्याअखेर जाणवतो. ताबा घेताना वीजमापकाचा आकडा, भिंती, गादी आणि स्नानगृह यांची छायाचित्रे काढून ती मालकाला त्याच दिवशी पाठवावीत. नळाचे पाणी पीत नाहीत; गल्लीतल्या नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रातून बाटल्या भरून आणतात.

जेवणासाठी दोन प्रकारची दुकाने ओळखावीत. एकात सकाळी शिजवलेली कालवणे थाळ्यांत मांडलेली असतात. बोट दाखवून भातावर एक-दोन घेतली की पंगतीत बसायचे. दुसऱ्यात सांगाल ते कढईत परतून देतात, तेथे तिखट कमी हवे असल्यास आधीच ‘फेत नोय’ म्हणावे. मेजावर माशाचे पाणी, मिरच्यांचा सिरका, तिखटाची पूड आणि साखर ठेवलेली असते. शेवटची चव ज्याची त्याने लावायची, आणि स्वयंपाक्याला त्यात अपमान वाटत नाही. घरी न्यायचे कालवण प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतून, पिशवी हवेने फुगवून रबरबँडने अशी बांधतात की एक थेंब सांडत नाही. ती सोडवायची तर रबराचे मोकळे टोक शोधून ओढावे. चारचौघांत जेवताना मधल्या भांड्यातून एका वेळी चमचाभरच घ्यावे. पैसे बहुधा वयाने किंवा पदाने मोठा असेल तो देतो. त्याच्याशी झटापट करू नये, पुढच्या वेळी धाकट्यांचे आपण द्यावेत.

2017 मध्ये सुरू झालेल्या प्रॉम्प्टपे या मोबाइलवरून पैसे देण्याच्या सोयीमुळे रस्त्यावरचा फळवालाही क्यूआर फलक लावून बसतो, परंतु त्यासाठी सहसा थाई बँकेचे खाते लागते. खाते उघडेपर्यंत 20 आणि 100 बाटच्या नोटा जवळ ठेवाव्यात. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाने 1000 ची नोट काढली तर विक्रेत्याची पंचाईत होते. नोटांवर आणि नाण्यांवर राजाचे चित्र असते, म्हणून पडलेले नाणे पायाने अडवू नये.

प्रवासाबाबत थोडक्यात सांगायचे तर 1999 मध्ये सुरू झालेली उन्नत रेल्वे आणि 2004 मध्ये सुरू झालेली भुयारी रेल्वे यांवर वेळ ठरवावी, सेन सेप कालव्यावरील बोट गर्दीच्या वेळी रस्त्यापेक्षा लवकर पोहोचवते हे ध्यानात ठेवावे, आणि गल्लीच्या तोंडाशी नारिंगी बंडी घालून उभ्या असलेल्या मोटारसायकलवाल्यांकडे दरफलक पाहून बसावे, हेल्मेट मागून घ्यावे. खेड्यात यांच्या जागी ‘सोंगथेव’, म्हणजे मागे दोन बाके बसवलेली प्रवासी गाडी, असते. त्याची परतीची शेवटची फेरी बहुधा दुपारीच सुटते, ती आधी विचारून ठेवावी.

कामाच्या ठिकाणी

1998 च्या कामगार संरक्षण कायद्याप्रमाणे सर्वसाधारण कामाची मर्यादा दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास, आठवड्यात किमान एक सुट्टी, वर्षाला किमान 13 सार्वजनिक सुट्ट्या आणि एक वर्ष पूर्ण झाल्यावर किमान 6 दिवसांची भरपगारी रजा असते. किमान वेतन प्रांतानुसार बदलते. जानेवारी 2025 पासून ते दिवसाला 337 ते 400 बाट या दरम्यान ठरवले गेले. आपल्या पगाराचा आकडा सहकाऱ्यांत बोलण्यापूर्वी ही रक्कम आठवावी. सरकारी कार्यालयांत दुपारी बारा ते एक या वेळेत खिडकी बंद मिळण्याची शक्यता असते, त्यामुळे तेथील कामे सकाळी उरकावीत.

मराठी माणसाला सर्वांत जड जाते ते समोरच्याचा नकार ओळखणे. वरिष्ठाने किंवा पाहुण्याने काही विचारले आणि ते जमण्यासारखे नसले, तरी थाई सहकारी ‘हो’ म्हणतो, आणि त्या ‘हो’चा अर्थ पुष्कळदा ‘मी ऐकले’ इतकाच असतो. म्हणून ‘उद्यापर्यंत होईल ना?’ असे विचारण्याऐवजी ‘यात कोणती पायरी उरली आहे? कोणाकडून काय यायचे आहे?’ असे विचारावे. म्हणजे अडचण सांगायला त्याला वाट मिळते. बैठकीत सर्वांसमोर चूक दाखवू नये. तीच गोष्ट नंतर एकट्याला गाठून, हळू आवाजात सांगितली की दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालेली दिसते. आवाज चढवणाऱ्या माणसाचा तेथे धाक बसत नाही, त्याची पत जाते, आणि एकदा गेलेली पत हुद्द्याने परत मिळत नाही. कामाचा बहुतेक पत्रव्यवहार ‘लाइन’ या ॲपवरच्या गटांत चालतो. सकाळी तेथे फुलांची शुभेच्छाचित्रे येतात, त्यांना एखादे चित्र उत्तरादाखल पाठवावे.

कार्यालयात वेळोवेळी पांढरी पाकिटे फिरतात. कोणाच्या तरी गावच्या विहारासाठी, विशेषतः वर्षावासानंतर भिक्षूंना चीवर देण्याच्या ‘कठिन’ नावाच्या समारंभासाठी, देणगी गोळा होत असते. त्यात 20 किंवा 100 बाट घालून पाकीट परत करावे. कोठेही प्रवासाला गेल्यास तेथला खाऊ आणून सगळ्यांच्या मेजांवर ठेवण्याची रीतही पाळावी.

दोन बाबतींत सवलत नसते. सकाळी 8 आणि संध्याकाळी 6 वाजता राष्ट्रगीत लागले की स्थानकात, बागेत, शाळेच्या आवारात असाल तेथे स्तब्ध उभे राहावे. आणि राजघराण्याविषयी बोलणे, लिहिणे किंवा समाजमाध्यमांवर काही पुढे पाठवणे टाळावे. दंडसंहितेच्या कलम 112 प्रमाणे राजाची निंदा केल्यास एका गुन्ह्याला 3 ते 15 वर्षे कैद होऊ शकते आणि परदेशी माणूस त्याला अपवाद नाही.

सोंगक्रान आणि परतीची तयारी

13 ते 15 एप्रिल या सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या, दिवसांत बँकॉकमधली खानावळ, शिंपी, दुरुस्तीची दुकाने मोठ्या संख्येने बंद होतात, कारण चालवणारी माणसे गावी गेलेली असतात. त्या सुमाराचे रेल्वे किंवा बसचे तिकीट विक्री खुली होताच काढावे आणि मुदतीची कामे एप्रिलच्या पहिल्या आठवड्याआधी संपवावीत. सहकाऱ्याने आपल्या गावी येण्याचे निमंत्रण दिले तर रस्त्यावरच्या पाणीयुद्धापेक्षा ते जरूर स्वीकारावे. तेथे घरातले धाकटे ओळीने बसून वडीलधाऱ्यांच्या जोडलेल्या तळहातांवर सुगंधी, मोगऱ्याच्या कळ्या घातलेले पाणी हळूच ओततात, क्षमा मागतात आणि वडीलधारे आशीर्वाद देतात. पाहुण्यानेही आपला क्रम आला की तसेच करावे. पाणी हातांवरच ओतावे, अंगावर उडवू नये.

नोकरी संपवून परतताना शेवटचा कामाचा दिवस कंपनीशी आधीच ठरवून घ्यावा, कारण नोकरीच्या आधारावर मिळालेली राहण्याची परवानगी नोकरीबरोबरच संपते आणि त्यानंतर हाती फारसे दिवस उरत नाहीत. घर सोडण्याची सूचना करारात लिहिलेल्या मुदतीपूर्वी, बहुधा महिनाभर आधी, लेखी द्यावी. शेवटच्या दिवशी वीजमापकाचा आकडा मालकासमोर वाचून ताबा घेतानाच्या छायाचित्रांशी ताडून पाहावा आणि अनामत कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात जमा होणार ते लिहून घ्यावे. थाई बँकेचे खाते ती रक्कम हाती आल्यानंतरच बंद करावे.